मास्क, नळी आणि चुकीचा भाग : सीपॅप यंत्राच्या सुट्या भागांचा इतिहास

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग पुन्हा पुन्हा मिटणे, त्यामुळे रक्तातील प्राणवायू उतरणे आणि दर वेळी मेंदूने झोप मोडून श्वास परत सुरू करून देणे, या विकाराला वैद्यकात ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया’ म्हणतात, आणि त्यावरचा घरी घेण्याजोगा प्रमुख उपचार म्हणजे ‘सीपॅप’ हे यंत्र होय. ‘कंटिन्युअस पॉझिटिव्ह एअरवे प्रेशर’ या लांबलचक नावाचे हे संक्षिप्त रूप असून, खोलीतील हवेपेक्षा किंचित अधिक दाबाची हवा नळीतून आणि मास्कमधून रात्रभर नाकात सोडत राहायची, म्हणजे घसा मिटू पाहील तरी हवेच्या आधाराने उघडा राहील, एवढेच त्यामागचे तत्त्व आहे. या यंत्राचा इतिहास बहुतेक ठिकाणी शोधाचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. रुग्णाचा रोजचा संबंध मात्र मोटारीपेक्षा मास्कची मऊ कुशन, डोक्याचे पट्टे, नळी, फिल्टर आणि पाण्याची टाकी या सुट्या भागांशी येतो. मोटार वर्षानुवर्षे चालते, पण कुशन काही महिन्यांत चेहऱ्याच्या तेलाने ढिली पडते आणि फिल्टर काही आठवड्यांत काळवंडतो. म्हणून हा इतिहास सुट्या भागांच्या बाजूनेही तपासायला हवा. मागवलेला भाग एक आणि हाती पडलेला दुसरा, या अनुभवाचा सगळा दोष दुकानदाराच्या हलगर्जीपणावर टाकून चालत नाही. त्याची मुळे हे यंत्र कसे घडले, कोणी विकले आणि त्याचे पैसे कोणी भरले, यांत खोलवर गेलेली आहेत.

विकाराची लक्षणे वैद्यकाच्या आधी साहित्यात नोंदली गेली होती. चार्ल्स डिकन्स यांच्या 1836-37 मधील ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीतील जो नावाचा लठ्ठ, घोरणारा आणि काम करता करता झोपी जाणारा मुलगा डॉक्टरांच्या इतका लक्षात राहिला, की 1956 साली अमेरिकेतील बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लठ्ठपणा, दिवसाची गुंगी आणि अपुरे श्वसन या एकत्र आढळणाऱ्या लक्षणांना ‘पिकविकियन सिंड्रोम’ असेच नाव दिले. त्या गुंगीचे कारण रात्रीच्या झोपेत दडले आहे हे 1965 साली फ्रान्समधील मार्से येथे गास्तो व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि त्याच वर्षी जर्मनीत युंग व कुह्लो यांनी, झोपलेल्या रुग्णांच्या श्वसनाची सलग नोंद घेऊन दाखवले. ‘स्लीप अ‍ॅप्निया सिंड्रोम’ ही संज्ञा 1976 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रिस्तियाँ गिल्मिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केली. निदान झाले तरी उपाय एकच होता, आणि तो कठोर होता : ट्रॅकिऑस्टमी, म्हणजे गळ्याला समोरून छिद्र पाडून श्वासनलिकेत कायमची नळी बसवणे. रात्री ते छिद्र उघडायचे, दिवसा बोलता यावे म्हणून बूच लावून बंद करायचे, जंतुसंसर्ग सांभाळायचा आणि पाण्यापासून जन्मभर जपायचे, असे आयुष्य अनेकांनी पत्करले आणि अनेकांनी ते नाकारून विकारच सोसला.

कॉलिन सलिव्हन हे ऑस्ट्रेलियन डॉक्टर 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडातील टोरांटो येथे एलियट फिलिप्सन यांच्याबरोबर झोपेतील कुत्र्यांच्या श्वसनावर संशोधन करत होते आणि तेथून ते सिडनीला परतले. जून 1980 मध्ये त्यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाचा विकार इतका तीव्र होता की गळ्याला छिद्र पाडण्याचा सल्ला त्याला मिळाला होता. ती शस्त्रक्रिया त्याला नको होती, परंतु नाकातून दाबाची हवा सोडून पाहण्याचा प्रयोग करून घ्यायला तो तयार झाला. प्रयोगात दाब वाढवला की घसा उघडा राही आणि उतरवला की श्वास पुन्हा अडे, आणि हे हवे तितक्या वेळा करून पाहता येत होते. पाच रुग्णांवरील या प्रयोगाचा वृत्तांत सलिव्हन, इस्सा, बर्थन-जोन्स आणि ईव्ह्स यांनी एप्रिल 1981 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात वापरलेला दाब 4.5 ते 10 सेंटिमीटर पाण्याचा होता, म्हणजे तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाने तळावर पडेल इतका. 10 सेंटिमीटर धरले तरी तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे शंभराव्या भागाएवढाच होतो. इतक्या अल्प दाबाने घसा रात्रभर उघडा राहतो, हाच या शोधाचा गाभा होता.

दाबाच्या हवेची कल्पना स्वतः नवी नव्हती. लंडनमधील पोल्टन यांनी 1936 साली फुप्फुसांत पाणी साचलेल्या हृदयरुग्णांसाठी घरगुती व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलटी वापरली होती, आणि 1971 साली सॅन फ्रान्सिस्कोतील जॉर्ज ग्रेगरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांची फुप्फुसे उघडी ठेवण्यासाठी सतत दाबाचे तंत्र वापरून दाखवले होते. सिडनीतही पहिल्या यंत्राचे बळ व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीतूनच आले. म्हणजे या यंत्राचा पहिला अवतारच दुसऱ्या कामासाठी बनलेल्या भागांतून जुळवलेला होता. मूळ भाग वेगळ्याच वस्तूचा, पण काम जमून गेले, हे या इतिहासाच्या आरंभीचेच वास्तव आहे.

खरी अडचण होती ती चेहऱ्याशी होणाऱ्या जोडाची. हवा देणारी मोटार कोठेही मिळे, परंतु झोपलेला माणूस कूस बदलतो, जबडा सैल सोडतो, आणि नाकाभोवती केसाएवढी फट राहिली तरी दाब तेथून निसटतो. म्हणून सुरुवातीच्या काळात प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा प्लास्टरचा साचा घेतला जाई, त्या साच्यावरून त्याच्यापुरता मास्क घडवला जाई, आणि वैद्यकीय दर्जाचे, पटकन घट्ट होणारे सिलिकोन रोज रात्री कडेने लावून तो मास्क चेहऱ्याला अक्षरशः चिकटवला जाई; सकाळी तो सोलून काढायचा, कडा साफ करायची आणि रात्री पुन्हा तेच. यंत्राचा आवाज मोठा होता आणि ते उचलून नेणेही कठीण होते. तरीही ज्यांना कित्येक वर्षांत सलग झोप मिळाली नव्हती त्यांनी हा सारा खटाटोप घरी, स्वतःच्या हाताने, रोज निभावला, आणि या रुग्णांच्या चिकाटीशिवाय सीपॅप प्रयोगशाळेबाहेर पडले नसते, हे त्यांच्या बाजूने ठामपणे नोंदवले पाहिजे. या पद्धतीत चुकीचा भाग मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मास्क ज्याचा त्याचाच असे. मात्र तो तुटला की दुसरा दुकानात मिळत नसे, साचा काढण्यापासून सारे नव्याने करावे लागे. बदली भाग मिळू लागला तो मापे ठरल्यावर, आणि चुकीचा बदली भागही त्याच दिवसापासून मिळू लागला.

मापे ठरवली उद्योगाने. अमेरिकेत रेस्पिरॉनिक्स या कंपनीने 1985 मध्ये बाजारात विकण्याजोगे सीपॅप यंत्र आणले; सिडनीतील संशोधनावर पीटर फॅरेल यांनी 1989 मध्ये रेसकेअर ही कंपनी उभारली, तीच पुढे रेसमेड झाली; आणि मुळात शीतकपाटे बनवणाऱ्या न्यूझीलंडच्या फिशर अँड पायकेल समूहातून श्वसनाची हवा ऊबदार व ओलसर करणाऱ्या उपकरणांचा व्यवसाय वाढला. चिकटवण्याच्या मास्कची जागा आता दाबानेच फुगून चेहऱ्याला टेकणाऱ्या पातळ सिलिकोनच्या पाळीने घेतली. फक्त नाक झाकणारा, नाक व तोंड दोन्ही झाकणारा आणि नाकपुड्यांत बसणाऱ्या दोन छोट्या ‘पिलोज’चा, असे मास्कचे तीन मुख्य प्रकार रूढ झाले आणि प्रत्येकाची लहान, मध्यम, मोठी अशी मापे निघाली. चेहरे मात्र तीन मापांत मावत नाहीत, त्यामुळे रुंद, अरुंद, लहान-रुंद अशी उपमापे वाढत गेली.

या साऱ्या विविधतेत एक गोष्ट सगळीकडे सारखी राहिली, आणि ती सीपॅपच्या जन्माआधीची आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणाऱ्या यंत्रांच्या नळ्या ऐन वेळी एकमेकींत न बसण्याचा धोका ओळखून ब्रिटनने 1965 मध्ये त्यांच्या जोडण्यांचे प्रमाण ठरवले, आणि पुढे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या 5356 क्रमांकाच्या मानकाने 15 व 22 मिलिमीटरच्या शंकूच्या आकाराच्या जोडण्या जगभर रूढ केल्या. यांतील नर आणि मादी टोकांना अगदी मंद उतार असतो, दर 40 मिलिमीटर लांबीला व्यास 1 मिलिमीटरने कमी होत जातो, त्यामुळे एक टोक दुसऱ्यात किंचित पिळून दाबले की ते घर्षणाने घट्ट बसते आणि आटे किंवा चाप लागत नाहीत. घरगुती सीपॅपने हीच 22 मिलिमीटरची जोडणी उचलली. म्हणूनच एका कंपनीची साधी नळी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला आणि तिसऱ्या कंपनीच्या मास्कला लागू शकते; चुकीची नळी आली तर बहुधा हीच सोय रुग्णाची रात्र वाचवते. वैद्यकीय उपकरणांच्या इतिहासात रुग्णाच्या इतक्या उपयोगी पडलेले आणि इतके दुर्लक्षित राहिलेले प्रमाण क्वचितच सापडेल.

परंतु टोक बसले म्हणजे भाग बरोबर आहे असे होत नाही, आणि सर्वांत गंभीर चूक नेमकी येथेच लपते. सीपॅपमध्ये हवा आत नेणारी नळी एकच असते. उच्छ्वासातील कर्बवायू बाहेर जाण्यासाठी मास्कवरच बारीक छिद्रे ठेवलेली असतात आणि त्यांतून हवा सतत, मुद्दाम, मोजून बाहेर पडत राहते. रुग्णालयातील व्हेंटिलेटरसाठी मिळणाऱ्या काही मास्कना ही छिद्रे नसतात, कारण तेथे उच्छ्वासाची वाट यंत्राच्या मंडलात वेगळी केलेली असते. अशा मास्कचे कोपराच्या आकाराचे जोडणीचे टोक बहुधा निळे असते. तो मास्क घरच्या सीपॅपला लावला तर 22 मिलिमीटरची जोडणी विनातक्रार बसते, हवा येते, काहीच बिघडलेले दिसत नाही, आणि झोपलेला माणूस आपलाच कर्बवायू पुन्हा आत घेत राहतो. तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये आणखी एक छोटी झडप असते, जी यंत्राची हवा थांबताच उघडून खोलीतील हवा आत घेऊ देते. महाराष्ट्रात ज्यांनी भारनियमनाची वर्षे काढली आहेत त्यांना या झडपेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मध्यरात्री वीज गेली की नाक-तोंड झाकलेल्या रुग्णाचा श्वास तिच्याच भरवशावर चालतो. नकली किंवा भलत्याच जागी जोडलेला भाग या दोन्ही वाटा अडवू शकतो, त्यामुळे बदली भाग आल्यावर छिद्रे आणि झडप तपासणे हे माप तपासण्याच्याही आधीचे काम आहे.

जोडणीचे टोक समान राहिले, तेव्हा कंपन्यांमधील भेद इतर जागी सरकले. हवेतील ओलावा नळीत थंड होऊन पाण्याचे थेंब नाकावर पडतात म्हणून तापणारी नळी आली, आणि तिच्या यंत्राकडच्या टोकाला विजेचे संपर्कबिंदू आले. हे टोक साध्या गोल जोडणीसारखे कोणत्याही यंत्रावर चढत नाही. रेसमेडचे एअरसेन्स 10 हे यंत्र 2014 मध्ये आले आणि एअरसेन्स 11 त्यानंतर सात वर्षांनी. नावात एका आकड्याचाच फरक असला तरी दोहोंची तापणारी नळी, पाण्याची टाकी आणि फिल्टर वेगळे आहेत. मास्कमध्ये हा घोळ अधिक आहे. त्याच कंपनीच्या एअरफिट एफ 20 आणि एअरटच एफ 20 यांच्या कुशन एकाच चौकटीवर बसतात, एक सिलिकोनची आणि दुसरी फोमची एवढाच भेद. उलट एअरफिट एफ 30 आणि एअरफिट एफ 30 आय यांच्या नावात शेवटच्या ‘आय’चाच फरक असला तरी पहिल्यात नळी तोंडासमोर जोडली जाते आणि दुसऱ्यात चौकटीच्याच पोकळ भुजांतून हवा डोक्यावरून खाली येते, त्यामुळे कुशनची अदलाबदल होत नाही. शिवाय दुसऱ्या मास्कमध्ये चौकटीचे माप वेगळे आणि कुशनचे माप वेगळे सांगावे लागते. नाव, अक्षर आणि दोन मापे अशी चार स्थाने जेथे बरोबर जुळावी लागतात, तेथे घाईने भरलेल्या मागणीत एखादे चुकणे आश्चर्याचे नाही.

यांतील काही भेदांना तांत्रिक कारण आहे हे मान्य केले पाहिजे, कारण विजेची तार असलेली नळी साध्या नळीसारखी असू शकत नाही. मात्र फिल्टरच्या चौकोनाचा आकार किंवा टाकीच्या झाकणाची खाच दर पिढीत बदलण्यामागे रुग्णाचे हित फारसे दिसत नाही. त्यातून जुने सुटे भाग निरुपयोगी होतात आणि चुकीची शक्यता वाढते, एवढे निश्चित. यंत्र शहाणे झाल्यामुळे चुकीचा एक नवा प्रकारही उद्भवला. आजचे यंत्र नाकाजवळचा दाब थेट मोजत नाही. ते हा दाब आपल्या हवा सोडणाऱ्या तोंडाशी मोजून नळीचा अडथळा आणि मास्कच्या छिद्रांतून जाणारी हवा हिशेबात धरते, आणि त्यासाठी वापरणाऱ्याला मास्कचा आणि नळीचा प्रकार पडद्यावर निवडावा लागतो. 22 मिलिमीटरच्या नळीऐवजी 15 मिलिमीटरची बारीक नळी आली, ती व्यवस्थित बसली, पण निवड जुनीच राहिली, तर दाब थोडा चुकतो आणि गळतीचे आकडे विश्वासार्ह राहत नाहीत. त्यामुळे बदली भाग बसवला की पडद्यावरची नोंदही बदलायची, ही गोष्ट नळी विकणाऱ्याने सांगायला हवी. ती बहुधा पुस्तिकेत छापलेली असते आणि तिथेच राहते.

चुकीच्या भागांचा सर्वांत मोठा कारखाना मात्र देयकांच्या व्यवस्थेत उभा राहिला, आणि तो अमेरिकेत. तेथील वृद्धांसाठीची सरकारी विमा योजना मेडिकेअर प्रत्येक भागाला एक संकेतांक देते : नाकाच्या मास्कची बदली कुशन म्हणजे ए 7032, साधी नळी म्हणजे ए 7037, तापणारी नळी म्हणजे ए 4604, पाण्याची टाकी म्हणजे ए 7046. कोणता भाग किती काळाने बदलून मिळेल याचेही वेळापत्रक आहे; नाकाच्या कुशन महिन्याला दोन, मास्क आणि नळी तीन महिन्यांनी, पट्टे आणि टाकी सहा महिन्यांनी. या संकेतांकात कंपनीचे नाव नाही, नमुना नाही आणि माप नाही. म्हणून मध्यम कुशनऐवजी मोठी, किंवा एका चौकटीऐवजी दुसऱ्या चौकटीची कुशन पाठवली तरी कागदोपत्री ए 7032 पोचलेली असते, देयक अचूक असते, आणि रुग्णाच्या त्या महिन्याच्या हक्कातून ती वजा झालेली असते. वेळापत्रकाने आणखी एक सवय लावली : रुग्णाला गरज असो वा नसो, ठरलेल्या तारखेला खोके घरी येते. सरकारच्या महानिरीक्षक कार्यालयाने 2018 मध्ये अशा बदली भागांचे 110 दावे नमुन्यादाखल तपासले, तेव्हा त्यांतील 86 नियमांत बसणारे नव्हते. ज्या व्यवस्थेत खोके पाठवण्याचे पैसे मिळतात आणि आतला भाग चेहऱ्याला बसला की नाही हे कोणी विचारत नाही, तेथे चूक दुरुस्त करण्याचे ओझे आपोआप सर्वांत थकलेल्या माणसावर येऊन पडते.

भारतातील चित्र याच्या उलट आहे, पण सोपे नाही. मुंबईत झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 35 ते 65 वयोगटातील 658 पुरुषांची पाहणी करून 2004 मध्ये दाखवले की त्यांतील 19.5 टक्क्यांना झोपेत श्वसनाचा बिघाड होता आणि 7.5 टक्क्यांना दिवसाच्या गुंगीसह पूर्ण विकार होता. हा पाश्चात्त्य लठ्ठ माणसांचा आजार आहे हा समज त्या आकड्यांपुढे टिकत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी यांचे निधन झाले तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणामुळे या विकाराचे नाव घरोघरी पोचले. येथे ठरावीक तारखेला येणारे खोके नाही. मास्क आणि नळी बहुतेकांना स्वतःच्या खिशातून घ्यावी लागते, म्हणून एकच कुशन चिरेपर्यंत वापरली जाते आणि बदलायची वेळ आली की शहरातील एखादा वितरक, ऑनलाइन बाजार किंवा परदेशातील नातेवाईक यांच्याकडे पाहावे लागते. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने सुट्टीत येताना आणलेला मास्क पुण्याच्या वडिलांच्या यंत्राला नळीच्या टोकाने बसतो, पण त्याची कुशन येथे मिळतेच असे नाही, आणि चुकीची निघाली तर परत पाठवण्याचा खर्च वस्तूच्या किमतीच्या घरात जातो. कायद्याच्या बाजूने एक महत्त्वाची सुधारणा झाली : 11 फेब्रुवारी 2020 च्या अधिसूचनेने सर्व वैद्यकीय उपकरणे 1 एप्रिल 2020 पासून औषधांच्या कायद्याखाली आली आणि त्या व्याख्येत उपकरणाचे पूरक भागही धरले गेले. त्यामुळे मास्क ही साधी प्लॅस्टिकची वस्तू आहे असे आता कोणाही विक्रेत्याला म्हणता येणार नाही.

बदली भागाच्या अभावी काय होते हे मार्च 2020 मध्ये इटलीने पाहिले. ब्रेशिया प्रांतातील कियारी येथील रुग्णालयात करोनाच्या रुग्णांना दाबाची हवा देण्यासाठी लागणाऱ्या व्हेंचुरी झडपा, म्हणजे प्राणवायूत खोलीची हवा ठरावीक प्रमाणात मिसळणारे छोटे प्लॅस्टिकचे भाग, संपले आणि पुरवठादाराकडे ते नव्हते. क्रिस्तियान फ्राकास्सी आणि अलेस्सांद्रो रोमाइओली या अभियंत्यांनी मूळ भाग मोजून त्रिमितीय छपाईने तशाच झडपा तयार केल्या, आणि पुढे पोहण्याच्या खेळासाठी विकल्या जाणाऱ्या चेहराभर मास्कला जोडणी बसवून त्याचा सीपॅप मास्क बनवला. हे भाग प्रमाणित नव्हते, आणि त्यांनी ते लपवले नाही. निकड असेल आणि रुग्णाची लेखी संमती असेल तरच वापरावे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सिडनीतील व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारीनंतर 40 वर्षांनी सीपॅप पुन्हा दुसऱ्या कामासाठी बनलेल्या वस्तूंकडे वळले होते.

त्यानंतर सव्वा वर्षाने उलट प्रकारचे संकट आले, ज्यात भाग नाहीसा झाला नव्हता, तोच दोषी ठरला. फिलिप्सने 2008 मध्ये रेस्पिरॉनिक्स विकत घेतली होती. 14 जून 2021 रोजी त्या कंपनीने लक्षावधी सीपॅप व तत्सम यंत्रे परत बोलावली, कारण मोटारीचा आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला पॉलिएस्टर-पॉलियुरेथेनचा फोम कालांतराने भुगा होऊन किंवा वायू सोडून रुग्णाच्या श्वासात जाऊ शकत होता. परत बोलावलेल्या यंत्रांची संख्या जगभरात 50 लाखांच्या वर गेली. बदली यंत्रासाठी अनेकांना वर्षाहून अधिक वाट पाहावी लागली, आणि त्या काळात यंत्र थांबवावे की दूषित हवेचा धोका पत्करावा हा निर्णय प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांबरोबर, किंवा पुष्कळदा एकट्याने, घेतला. काहींनी यंत्र उघडून फोम स्वतः कापून काढला, आणि तसे करू नये असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला द्यावा लागला, कारण त्यामुळे कण सुटून हवेच्या मार्गात जाऊ शकतात आणि यंत्राचे काम बदलू शकते.

याहून बोलका भाग पुढचा आहे. जुन्या फोमच्या जागी सिलिकोनचा फोम बसवून दुरुस्त केलेल्या फिलिप्सच्या काही ट्रायलॉजी व्हेंटिलेटरमध्ये नव्या फोमचा डिंकच सुटतो, असे 2022 मध्ये आढळले. आणि 2023 मध्ये दुरुस्त केलेल्या काही ड्रीमस्टेशन यंत्रांना चुकीचे किंवा दुबार अनुक्रमांक गेल्याचे उघड झाले, ज्यामुळे एका रुग्णासाठी ठरलेला दाब दुसऱ्याच्या यंत्रात जाण्याचा धोका निर्माण झाला. म्हणजे या वेळी चुकीचा बदली भाग एखाद्या घाईच्या दुकानातून आला नव्हता. तो दोष निस्तरण्यासाठी उभारलेल्या अधिकृत मोहिमेतूनच आला होता. त्याच सुमारास, सप्टेंबर 2022 मध्ये, डोक्याचे पट्टे लोहचुंबकाच्या कड्यांनी जोडणारे मास्क पेसमेकरसारखी उपकरणे शरीरात असलेल्या माणसांना, आणि त्यांच्या शेजारी झोपणाऱ्यांनाही, धोक्याचे ठरू शकतात असा इशारा दिला गेला. मापाने आणि नावाने अगदी बरोबर असलेला मास्कही एखाद्या शरीरासाठी चुकीचा असतो, ही बाब मागणीच्या कोणत्याच अर्जात विचारली जात नव्हती.

रुग्णांच्या हाती याच काळात एक छोटेसे बळ आले. वैद्यकीय उपकरणांच्या दुरुस्तीसाठी त्यांतील संगणकीय कुलूप उघडण्यास अमेरिकेच्या प्रताधिकार व्यवस्थेने ऑक्टोबर 2021 मध्ये सवलत दिली, आणि यंत्राच्या मेमरी कार्डवरील रात्रीच्या नोंदी वाचून दाखवणारी ‘ऑस्कर’ ही मोफत संगणकप्रणाली स्वयंसेवकांनी आधीपासून चालवली होतीच. या नोंदींतील गळतीचा आलेख हा बदली भाग पारखण्याचा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे : कुशन बदलल्यानंतरच्या पहिल्याच रात्री गळती चढली, किंवा श्वास अडण्याची ताशी संख्या वाढली, तर खोक्यावरचे नाव काहीही असो, तो भाग त्या चेहऱ्यासाठी चुकीचा आहे.

महाराष्ट्रात सीपॅप वापरणारे दिवसेंदिवस वाढत आहेत आणि त्यांच्यासाठी येथे बदली भागांची ठरलेली व्यवस्था अजून उभी नाही, तेव्हा जे करता येते ते डॉक्टर, विक्रेते आणि घरची माणसे यांनी मिळून करायचे आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर दाबाच्या आकड्याबरोबरच मास्कचे पूर्ण नाव, चौकटीचे आणि कुशनचे माप व नळीचा प्रकार लिहून द्यावा. विक्रेत्यांनी पाकीट फोडण्याआधी जुना भाग पाहायला मागावा आणि न बसलेला भाग परत घ्यावा. आणि घरच्यांनी नवा भाग एक पूर्ण रात्र नीट चालेपर्यंत जुना फेकू नये.